टीवरून कोणता क्लब घ्यावा? बडोद्याच्या एका स्लाइसवाल्याला उत्तर

प्रश्न गोल्फचा, थोडक्यात असा. विचारणारे बडोद्यातलेच गृहस्थ, वय 56, हँडिकॅप 24 (म्हणजे राउंडला ठरल्यापेक्षा साधारण 24 फटके जास्त). हातात भाच्यानं अमेरिकेहून आणलेला 9.5 अंशांचा ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब, म्हणजे काठी; अंश हे तिच्या फेसच्या, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूच्या, कलाचे), शाफ्ट म्हणजे दांडा स्टिफ, कडक, लांबी 45.75 इंच. "दर राउंडला चार चेंडू उजवीकडच्या झाडीत जातात. जोडीदार म्हणतात थ्री-वूड घ्या, दुकानदार म्हणतो नवा ड्रायव्हर घ्या. टीवरून भरवशाचा असा एकच क्लब सांगा."

टीवरून, म्हणजे होलच्या पहिल्या फटक्याला, एकच सांगायचा तर फाइव्ह-वूड, ड्रायव्हरचाच आखूड आणि जास्त कलाचा भाऊ. 18 अंशांचा, रेग्युलर, म्हणजे जरा लवचीक, शाफ्टचा, जुना असला तरी हरकत नाही. घाईत असाल तर एवढं वाचून रेंजवर, सरावाच्या मैदानावर, जा. पण तुमचा ड्रायव्हर एवढ्यात विकू नका. त्याच्यात सुधारण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं निम्मं फुकट होतं.

आधी 'भरवसा' म्हणजे काय ते ठरवू. आपण बहुतेक जण क्लब त्याच्या सगळ्यात चांगल्या फटक्यावरून ओळखतो. मागच्या दिवाळीत सातव्या होलवर 240 यार्ड गेलेला तो एक चेंडू आपल्या डोक्यात घर करून बसतो आणि पुढचं वर्षभर आपण त्याच्यासाठी ड्रायव्हर काढत राहतो. मी पंचवीस-एक वर्षं लोकांचे स्विंग बघतोय, क्लब कापून-जोडून देतोय. माझी कसोटी उलटी आहे. ज्या क्लबचा वाईट फटकासुद्धा पुन्हा खेळता येईल अशा जागी पडतो, तो भरवशाचा. चांगले फटके सगळ्याच क्लबचे चांगले असतात.

तुमचाच हिशेब घ्या. 18 होलच्या नेहमीच्या पार 72 (म्हणजे 72 फटक्यांत पुरा व्हावा अशा) कोर्सवर तीन फटक्यांचे चार होल सोडले तर टीवरून लांब मारायचे साधारण 14 होल उरतात. त्यातले चार चेंडू हरवले किंवा हद्दीबाहेर गेले, तर नियमाप्रमाणे प्रत्येकी एक दंडाचा स्ट्रोक आणि वर परत टीवर येऊन मारायचं. म्हणजे चेंडूमागे दोन, एकूण आठ. 2019 च्या नियमांपासून चेंडू शोधायला पाचाऐवजी तीनच मिनिटं मिळतात, तेव्हा झाडीत काठी घालून नशीब अजमावायलाही फारसा वेळ नाही. (त्याच वर्षापासून कोर्स चालवणाऱ्या संस्थांना एक स्थानिक नियम लावायची मुभा आहे. टीवर परत न जाता दोन दंडाचे स्ट्रोक घेऊन फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) कडेला चेंडू टाकता येतो. तुमच्या क्लबात तो लागू आहे का, विचारून घ्या. पाय वाचतात, स्ट्रोक वाचत नाहीत.) आता फाइव्ह-वूडनं तुम्ही 25-30 यार्ड मागे राहिलात असं धरू. दुसरा फटका सात नंबरच्या लोखंडी क्लबऐवजी पाच नंबरनं किंवा हायब्रिडनं (लोखंडी क्लब आणि वूड यांच्या मधला प्रकार) मारावा लागेल. त्याचं नुकसान आहेच, मी नाकारत नाही. पण ते होतं राउंडला दोन-तीन स्ट्रोकांचं, आठांचं नाही.

आता स्लाइस, म्हणजे चेंडूचं हे उजवीकडे वळत जाणं. आपल्या गावात या रोगाचं एक खास मूळ आहे, ते म्हणजे क्रिकेट. लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातच मोतीबाग हे क्रिकेटचं मैदान आणि त्याच आवारात गोल्फ कोर्स. महाराज प्रतापसिंहरावांनी 1930 च्या दशकात युरोपीय पाहुण्यांसाठी तो करवून घेतला, आणि 1990 च्या दशकात समरजितसिंहांनी, जे स्वतः रणजी खेळलेले, त्याचं नूतनीकरण करून तो लोकांना खुला केला. त्यामुळे इथं गोल्फला येणाऱ्यांत निम्मे जण आधी क्रिकेट खेळून आलेले. मीही त्यातलाच. ऑफस्टंपबाहेरचा चेंडू बॅटचा फेस उघडून पॉइंटकडे सरकवायची सवय हातात मुरलेली असते. तीच सवय ड्रायव्हरवर आली, की चेंडू डावीकडून निघून केळ्यासारखा वळत उजवीकडे जातो. मला सुरुवातीला भेटलेला एक म्हातारा कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा) दर वेळी शांतपणे म्हणायचा, "साहेब, आ तो कट शॉट छे." रन मात्र मिळत नव्हते.

चेंडू कुठल्या दिशेनं सुटतो ते मुख्यतः टक्कर होताना क्लबचा फेस कुठं बघत होता यावर ठरतं. पुढं तो किती वळतो, ते फेस आणि स्विंगची वाट यांच्यातल्या फरकावर. फेस 1 अंशानं चुकला तर 200 यार्डांवर चेंडू साडेतीन यार्ड बाजूला जातो. 4 अंशांनी चुकला तर 14 यार्ड, आणि वळण त्याहून वेगळं.

इथं लॉफ्ट, म्हणजे फेसचा तो कल, कामाला येतो. पिचिंग वेजनं, म्हणजे जवळून उंच मारायच्या भरपूर लॉफ्टच्या क्लबनं, स्लाइस मारणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी नाही पाहिला. चूक तीच असते, हात तेच असतात. पण जास्त लॉफ्टच्या क्लबनं चेंडूला मागं फिरणारी गिरकी भरपूर मिळते, आणि तिच्यापुढं बाजूची चूक फिकी पडते. भोवरा जोरात फिरत असला की थोडा धक्का लागूनही उभा राहतो, तसंच समजा. 9.5 अंशांच्या फेसवर मागची गिरकी कमी, म्हणून तेवढ्याच चुकीनं गिरकीचा आस जास्त कलतो आणि चेंडू जास्त वळतो. 18 अंशांवर तीच चूक निम्म्याच्या आसपास दिसते. फाइव्ह-वूडनं तुमचा स्विंग सुधारत नाही, तुमच्या स्विंगला शिक्षा कमी होते.

दुसरी गोष्ट लांबीची. तुमच्या ड्रायव्हरचा शाफ्ट 45.75 इंच, थ्री-वूडचा साधारण 43, फाइव्ह-वूडचा 42.5, चार नंबर हायब्रिडचा 40 च्या आसपास. क्लब जितका लांब तितका चेंडू फेसच्या मधोमध लागणं अवघड. अंगणात लांब दांड्याचा झाडू आणि आखूड दांड्याचा झाडू यात अचूक कुठला चालतो, ते घरी विचारा. नियमात ड्रायव्हर 48 इंचांपर्यंत चालतो. मोठ्या स्पर्धांमध्ये जानेवारी 2022 पासून 46 इंचांची मर्यादा लावायची सोय झाली. हा ऊहापोह ताशी 120 मैलांनी क्लब फिरवणाऱ्यांसाठी होता. आपल्यासारख्यांसाठी दुकानात ठेवलेली लांबीसुद्धा इंचभर जास्तच असते. लांब शाफ्टनं दुकानातल्या जाळीत वेगाचा आकडा वाढतो, आणि माल त्या आकड्यावर विकला जातो.

मग थ्री-वूड का नको? तुमचे जोडीदार अर्धे बरोबर आहेत. थ्री-वूड आखूड आहे, लॉफ्ट 15 अंश आहे, म्हणजे ड्रायव्हरपेक्षा बराच. पण त्याचं डोकं ड्रायव्हरच्या निम्म्याहूनही लहान असतं. ड्रायव्हरला 460 घनसेंटिमीटरपर्यंत परवानगी आहे, थ्री-वूड 170-180 च्या घरात. फेसची उंची कमी, त्यामुळे टी, म्हणजे चेंडू ठेवायची खुंटी, जरा उंच झाली की चेंडू वरच्या कडेला लागून आकाशात. स्विंग मध्यम वेगाचा असेल तर 15 अंशांवरून चेंडू पुरेसा उंचही जात नाही. खालून निघतो आणि लवकर पडतो. माझ्याकडे येणाऱ्या तुमच्या वयाच्या खेळाडूंपैकी बऱ्याच जणांचा फाइव्ह-वूड थ्री-वूडइतकाच लांब जातो, आणि हे पटवून द्यायला मला प्रत्येकाबरोबर रेंजवर तासभर उभं राहावं लागतं.

मी स्वतः या खड्ड्यात पडलोय. 2016 च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत रॉयल ट्रून कोर्सवर स्वीडनच्या हेन्रिक स्टेन्सननं शेवटच्या दिवशी 63 मारले, एकूण 264, पारच्या 20 खाली. त्याचा तो प्रसिद्ध थ्री-वूड, ज्याच्यावर तो टीवरून ड्रायव्हरपेक्षा जास्त विसंबायचा. मी आठवड्याभरात 13 अंशांचा थ्री-वूड मिळवला. पुढची चार वर्षं तो माझ्या गॅरेजमध्ये शिडीमागे उभा होता. स्टेन्सनच्या वेगाला 13 अंश पुरतात. माझ्या वेगाला ते म्हणजे जमिनीवरून घासत जाणारा ससा.

मोठ्या खेळाडूंकडून घ्यायचं ते वेगळंच. टायगर वूड्सनं 2006 ची ब्रिटिश ओपन इंग्लंडमधल्या हॉयलेकला जिंकली तेव्हा चार दिवसांत ड्रायव्हर एकदाच काढला. उन्हाळा कोरडा होता, जमीन भाजून कडक झालेली, चेंडू पडल्यावर लांबच लांब पळत होता. फेअरवेवरचे बंकर (वाळूचे खड्डे) टाळायचे तर लोखंडी क्लब पुरत होते, म्हणून त्यानं तेच वापरले. आपल्याकडच्या शिवशंकर प्रसाद चौरसियाचं बघा. वडील रॉयल कलकत्ता क्लबात मैदानाची देखभाल करणारे, मुलगा लांब मारणाऱ्यांत कधीच गणला गेला नाही. पण दिल्ली गोल्फ क्लबच्या अरुंद, दोन्ही बाजूंनी झुडपांनी दाटलेल्या कोर्सवर त्यानं 2008 मध्ये इंडियन मास्टर्स आणि 2016 मध्ये इंडियन ओपन जिंकली. त्या कोर्सवर कित्येक व्यावसायिक ड्रायव्हर बॅगेतच ठेवतात. आणि अदिती अशोक! टोकियो ऑलिंपिकमध्ये लांबीच्या बाबतीत ती मागच्या फळीत होती. तरी चौथी आली, पदक एका स्ट्रोकनं हुकलं. दुसरे फटके ती फेअरवे-वूड आणि हायब्रिडनं मारत होती, जिथं इतर जणी आखूड लोखंड काढत होत्या. ऑगस्ट 2021 मध्ये ज्यांनी पहाटे उठून टीव्ही लावला होता त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

हॉयलेकच्या कडक जमिनीवरून आपल्या मातीवर येतो, कारण बडोद्यात क्लबची निवड ऋतूवर ठरते आणि हे कुठल्याही परदेशी पुस्तकात मिळणार नाही. आपली काळी कापसाची माती. एप्रिल-मेमध्ये पाणी न मिळालेल्या जागी तडकते, दगडासारखी होते. सकाळी सहाला टी घेतली तरी नऊपर्यंत जीव नकोसा होतो, पण चेंडू मात्र खूश असतो. तापलेल्या पातळ हवेत जरा लांब जातो आणि पडल्यावर पळत सुटतो. या दिवसांत फाइव्ह-वूडच काय, चार नंबर हायब्रिडही टीवरून पुष्कळ. ड्रायव्हरचा चुकलेला चेंडू मात्र याच जमिनीवर पळत पळत थेट झाडीत शिरतो. म्हणजे उन्हाळ्यात तुमची लांबी फुकट वाढते, आणि चूकही. जुलै-ऑगस्टमध्ये उलट. माती चिकट, चेंडू पडतो तिथंच रुततो, पळणं शून्य. तेव्हा हवेतलं अंतर हवं. पण मोठी चूकही पडल्या जागी थांबते. म्हणून ड्रायव्हर काढायचाच असेल तर पावसाळ्यात काढा. लोक नेमकं उलटं करतात.

आता तुमच्या ड्रायव्हरकडे. पहिलं काम, आजच, फुकट: ग्रिपवर हात एक इंच खाली धरा. क्लब 44.75 इंचांचा झाला. डोकं हलकं वाटेल. महिनाभर असं खेळून बरं वाटलं तर शाफ्ट खरंच कापून घ्या आणि डोक्याच्या तळाला शिशाची पट्टी लावा. ढोबळ हिशेब असा, की इंचभर कापल्यावर गेलेलं वजन परत जाणवायला 12 ग्रॅमच्या आसपास पट्टी लागते. एकदम सगळी लावू नका. थोडी थोडी लावून मारून बघा.

दुसरं, तुमच्या ड्रायव्हरच्या मानेशी, डोकं आणि शाफ्ट जुळतात तिथं, स्क्रू आहे का बघा. बहुतेक नव्या क्लबांना असतो. तो फिरवून लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंदही होतो. स्लाइसवाल्याला एका चावीत दोन औषधं. 9.5 चा 11 झाला तरी फरक दिसेल. अंतर कमी होईल ही भीती सोडा. तुमच्या वेगाला 9.5 अंश मुळातच कमी होते, त्यामुळे बहुधा अंतर वाढेलच.

स्टिफ शाफ्टबद्दल काय बोलू. भाचा तिशीतला, त्यानं स्वतःच्या अंदाजानं आणला, प्रेमानं आणला. 56 व्या वर्षी स्टिफ लागणारे थोडे असतात. शाफ्ट बदलायचा खर्च नव्या ड्रायव्हरपेक्षा बराच कमी येतो. आणि भाच्याला सांगायची गरज नाही, डोकं तेच राहतं.

दुकानदार ज्या नव्या ड्रायव्हरबद्दल बोलतोय तो 12 अंशांचा, टाचेकडे (डोक्याच्या शाफ्टजवळच्या टोकाकडे) वजन ठेवलेला, रेग्युलर शाफ्टचा असेल तर सल्ला वाईट नाही. फक्त आधी वरचे दोन उपाय करून पाहा. हल्ली मिनी ड्रायव्हरचीही हवा आहे. डोकं 300 घनसेंटिमीटरच्या आसपास, शाफ्ट 43.5 इंचांच्या घरात. चांगली वस्तू आहे, पण स्वस्त नाही आणि लॉफ्ट अनेकदा 11.5 किंवा 13.5. ज्याचा ड्रायव्हर मुळात बरा आहे आणि दुसरा सुरक्षित क्लब हवाय, त्याच्यासाठी ती. तुमच्यासाठी नाही.

खरेदीआधी परीक्षा घ्या. फाइव्ह-वूड कोणाकडून उसना मागा. आपल्या लोकांत कोणी नाही म्हणत नाही. रेंजवर दोन खुणा ठरवा, एक झाड आणि एक खांब, मध्ये साधारण 35 यार्ड. हा तुमचा फेअरवे. प्रत्येक क्लबनं 15 चेंडू, पण ओळीनं नाही. एक ड्रायव्हर, मग एक सात नंबर, मग फाइव्ह-वूड, मग हायब्रिड. प्रत्येक चेंडूनंतर क्लब बॅगेत घाला, चार पावलं मागं जा, पाणी प्या, पुन्हा या. कंटाळा येईल. पण रेंजवर ओळीनं मारलेला सातवा चेंडू कोर्सवर कधीच मिळत नाही. तिथं पंधरा मिनिटं चालून, गप्पा मारून, एकच मिळतो. वहीत तीनच रकाने करा: मध्ये, बाजूला पण खेळता येईल असा, गेला. 'हा धरायचा नाही' असं म्हणायचं नाही. अंतर मोजू नका. रेंजचे झिजलेले चेंडू तसेही कमी जातात. ज्या क्लबचा 'गेला' रकाना 15 पैकी एक किंवा शून्य, तो सध्या तुमचा टीचा क्लब. तो हायब्रिड निघाला तर हायब्रिड. मी फाइव्ह-वूड म्हटलं ते वय, हँडिकॅप आणि वर्णनावरून. वही माझ्यापेक्षा जास्त जाणते.

त्याच वेळी फेसवर थोडी टाल्कम पावडर लावा किंवा चेंडूच्या मागच्या बाजूला व्हाइटबोर्डच्या मार्करनं ठिपका काढा. ठसा टाचेकडे उमटला तर निम्मा स्लाइस तिथूनच येतोय. वूड आणि ड्रायव्हरच्या डोक्याचा गुरुत्वमध्य फेसच्या बराच मागे असतो, म्हणून टाचेला लागलेला चेंडू उजवीकडे वळायची गिरकी घेऊन निघतो. अशा वेळी चेंडूपासून जेमतेम दोन बोटं लांब उभं राहा, बास. एका गृहस्थांचं दहा वर्षांचं दुखणं माझ्यासमोर वीस मिनिटांत निम्मं झालं होतं. त्यानंतर त्यांनी मला सेवउसळ खाऊ घातली, ती माझी आजवरची सगळ्यात तिखट फी.

टीच्या उंचीकडे कोणी लक्ष देत नाही. ड्रायव्हरला अर्धा चेंडू डोक्याच्या वर दिसला पाहिजे. फाइव्ह-वूडला मात्र टी जवळजवळ पूर्ण जमिनीत, चेंडू गवतापासून करंगळीच्या नखाएवढा वर. हायब्रिडला त्याहूनही कमी. ड्रायव्हरच्या टीवरच फाइव्ह-वूड मारणारे लोक मग म्हणतात, क्लब चांगला नाही.

कोर्सवर गेल्यावर बॅगेत हात घालण्याआधी क्लब ठरवा. धोका कुठं सुरू होतो ते बघा. उजवीकडची झाडी 190 यार्डांवर आत येत असेल आणि तुमचा फाइव्ह-वूड पळून 180 जात असेल, तर तो होल सोपा झाला. चेंडू झाडीपर्यंत पोचूच शकत नाही. आणि टीच्या चौकोनात उजव्या टोकाला टी लावा, ज्या बाजूला धोका आहे त्याच बाजूला. तिथून नजर आपोआप डावीकडे जाते आणि वळणाला पूर्ण फेअरवे मिळतो. बरेच जण धोक्यापासून लांब म्हणून डाव्या टोकाला उभे राहतात आणि थेट झाडीकडे तोंड करून मारतात.

पहिल्या टीवर चौघे बघत असताना फाइव्ह-वूड काढायला लाज वाटेल, हे मला माहीत आहे. कोणी तरी "का हो, ड्रायव्हर घरी राहिला?" म्हणेलच. म्हणू द्या.

एक राहिलं. जुना फाइव्ह-वूड घेताना डोक्याच्या मानेशी बारीक तडा आहे का बघा, डोकं कानाशी धरून हलवा, आत काही खुळखुळलं तर घेऊ नका. ग्रिप हाताला गुळगुळीत लागली तर ती लगेच बदला. आपल्या घामाच्या हवेत निसटणारी ग्रिप माणूस घट्ट आवळतो, आणि मनगटं आवळली की फेस वेळेत बंद होत नाही.